उशिरा येणारा हात

दादा: तो कॉम्प्युटरचा पडदा तिथे नको. ऑर्गनवर काही ठेवायचं नाही, हे या घरात सगळ्यांना माहीत आहे.

बटण्या: मग कुठे ठेवू? टेबलावर तुझ्या गोळ्या आहेत आणि खुर्चीवर तू आहेस.

दादा: परत घेऊन जा. मी मागवला नव्हता.

वहिनी: मी मागवला होता. बटण, तो पडदा ऑर्गनवरच ठेव. याला अर्धांगाचा झटका आल्यापासून तीन महिन्यांत त्याच्यावरचं कापड निघालेलं नाही. पडद्याने त्याचं काय वाकडं होणार आहे?

दादा: ही बाई लोकांना गाडी शिकवते. त्यामुळे शेजारी बसलेल्या प्रत्येक माणसाचा ब्रेक आपल्याच पायाखाली आहे असं तिला वाटतं.

वहिनी: असतोच. बटण, वायर पुरते का बघ.

बटण्या: पुरते. दादा, जरा मागे सरक. डावा हात मांडीवरून काढ आणि इथे, या फळीवर ठेव. या चार मोठ्या कळा. बाकी काही नाही.

दादा: याला तू वाद्य म्हणतोस?

बटण्या: नाही, याला मी खेळ म्हणतो. वरून ठिपके पडत येतात. ठिपका खालच्या रेघेला टेकला की तू कळ दाबायची. बरोबर दाबलीस तर हिरवं, चुकलास तर लाल. गाणं चालू असतं, त्याच्या तालावरच ठिपके पडतात.

दादा: म्हणजे पन्नाशी उलटलेल्या दंतवैद्याने दुपारी ठिपके पकडायचे.

वहिनी: व्यायामाच्या बाईंनी सांगितलंय. रबराचा चेंडू दाबून बोटांत जोर आला, पण वेळ साधत नाही. वेळ साधायला खेळ चांगला, असं त्या म्हणाल्या. तुझ्यासमोरच म्हणाल्या.

दादा: त्या बाईंचं वय बघितलंस का? त्यांना जगातल्या सगळ्या प्रश्नांवर खेळ हेच उत्तर वाटत असणार. अख्खी पिढी खुर्चीत बसून राक्षस मारते आणि उठताना म्हणते, आज बरंच काम झालं.

बटण्या: ती पिढी माझी आहे, दादा. आणि राक्षस मारून मी घर चालवतो.

दादा: तू राक्षस मारत नाहीस. राक्षस नीट मरतो की नाही हे तपासतोस. तूच सांगितलं होतंस, आपल्या मामांच्या मुलीच्या लग्नात.

बटण्या: तेव्हा तपासत होतो. आता... राहू दे. सुरू करू?

दादा: खेळांबद्दल माझं मत एकदा ऐकून घे, म्हणजे नंतर वाद नको. खेळात हरलं तर पुन्हा सुरुवात करता येते. म्हणून त्यात काही अर्थ नाही. दाढ एकदा उपटली की उपटली.

वहिनी: मला तेच आवडतं. पुन्हा सुरुवात करता येते.

दादा: तुला? तू कधी खेळतेस?

वहिनी: तू झोपलास की. ट्रक चालवते, त्या टॅबवर. दिवसभर माणसं माझ्या शेजारी बसून क्लच सोडतात, किंचाळतात, डोळे मिटतात. घरी आले की मी एकटी मोठा ट्रक घेऊन निघते. लांबच लांब रस्ता असतो आणि शेजारच्या सीटवर कुणी नसतं.

दादा: आणि हे मला आज कळतंय.

वहिनी: तू विचारलं नाहीस. बटण, सुरू कर.

बटण्या: हे बघ, सोपं गाणं लावतो. चार मात्रांचं.

दादा: अर्थातच चार मात्रांचं. एक दोन तीन चार, एक दोन तीन चार, भिंतीला खिळा ठोकतोय कुणीतरी. खाली दवाखान्यात माझ्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाई हल्ली हेच लावतात. तीन मिनिटांचं एक गाणं, ते संपलं की तसंच दुसरं. पेशंट येऊन विचारतात, डॉक्टर, तुमची ती लांबलचक गाणी कुठे गेली?

वहिनी: एकाने विचारलं होतं. आणि तो घाबरून विचारत होता, परत येणार आहेत का म्हणून.

दादा: माझ्याकडे रूट कॅनालला पुरेल असं गाणं होतं. भूल देताना सुरू व्हायचं. संथ ऑर्गन, लांबून येणारी गिटार. दाढ उघडेपर्यंत ड्रम आलेले असायचे. मधे सगळं उलटंपालटं व्हायचं, ताल बदलायचा, आणि मसाला भरताना पहिली धून परत यायची. माणूस खुर्चीतून उठायचा तो कुठून तरी जाऊन आल्यासारखा. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. हे गाणं कानाला गुदगुल्या करत नाही, कानाला कामाला लावतं.

बटण्या: दादा, ठिपके पडायला लागलेत.

दादा: हं? थांब. हा... हा गेला. हा पण गेला. हे काय लिहून येतंय?

बटण्या: ‘उशीर’.

दादा: वाचता येतं मला. सगळेच उशीर?

बटण्या: आत्ता सुरुवात आहे. खांदा सैल सोड.

दादा: सोडलाय. उशीर. उशीर. उशीर. बंद कर.

वहिनी: एक गाणं तरी पुरं होऊ दे.

दादा: बंद कर म्हणतो ना! मला हे नवीन नाही. तीन महिने रोज सकाळी शर्टाचं बटण मला हेच सांगतंय. आता ते लाल अक्षरात आणि गाण्यासकट बघायची हौस नाही मला.

बटण्या: बंद केलं. आता एक काम कर. उजव्या हाताने एकदा खेळ.

दादा: उजव्या हाताला काय झालंय?

बटण्या: काही नाही. म्हणूनच म्हणतोय. मला मशीन तपासायचंय, तुला नाही.

दादा: घे. उजवा हात. लाव तुझा तो खिळा ठोकणारा.

बटण्या: हं... बघ.

दादा: उशीर? उजव्या हातालाही? शक्य नाही. मी बरोबर तालात आहे. मी बरोबर तालात आहे, बटण्या! तुझं यंत्र खोटं बोलतंय.

बटण्या: तेच बघायचं होतं. वहिनी, हा स्पीकर कुठला? विनावायरचा ना?

वहिनी: हो, माझा. गाडीतला. का?

बटण्या: याच्यात आवाज जरा उशिरा पोचतो. गाणी ऐकताना कळत नाही, पण असल्या खेळात कळतं. दादा आवाज ऐकून दाबतोय आणि आवाजच मागून येतोय. वायरवाला हेडफोन लावू. घे दादा, कानावर चढव.

दादा: म्हणजे माझी चूक नव्हती.

बटण्या: सगळी तुझी नव्हती. आधी उजवा.

दादा: हिरवं. हिरवं. बघ. हिरवं. मी सांगत होतो. कॉम्प्युटरबद्दल माझी तक्रार हीच आहे. तो चुकतो तेव्हाही इतक्या आत्मविश्वासाने चुकतो, की माणसाला आपलाच संशय येतो.

वहिनी: ओळखीचं वाटतं वर्णन.

दादा: कुणाचं?

वहिनी: कुणाचं नाही. आता डावा.

दादा: डावा... उशीर. उशीर. हा बरोबर होता ना? नाही, उशीर. झालं समाधान? आता स्पीकर नाही, वायर आहे आणि तरीही उशीर. ऑर्गनवर डाव्या हाताने अख्खा बास सांभाळायचो मी. आपल्या बँडमध्ये बासगिटारवाला कधी नव्हताच, माझा डावा हात होता. तू लोकांना सांगत फिरायचास, बास म्हणजे दादाच्या डाव्या हातचा मळ आहे म्हणून.

बटण्या: अजून सांगतो.

दादा: नको सांगूस. उचल हे सगळं. खालून डॉक्टरीणबाईंचा फोन यायचाय. दुपारचे पेशंट संपले की त्यांना उत्तर हवंय. दवाखाना त्यांनी कायमचा चालवायचा, की मी परत येईपर्यंत सांभाळायचा. त्यांना दुसरीकडे बोलावणं आहे, त्यांनाही किती ताटकळत ठेवायचं?

बटण्या: हे मला कुणी सांगितलं नाही.

वहिनी: मी मुद्दाम आज बोलावलं तुला. त्याने उत्तर द्यायच्या आधी.

दादा: अच्छा! म्हणजे व्यायामाच्या बाई हे निमित्त.

वहिनी: बाई निमित्त नाहीत आणि मीही चोरून काही केलेलं नाही. तू तीन महिने त्या खिडकीत बसून खाली येणारे-जाणारे पेशंट बघतोस. माझ्याशी बोलत नाहीस, ऑर्गनजवळ जात नाहीस. तुला वाजवताना ऐकलेला माझ्या हाताशी दुसरा माणूस कोण आहे?

दादा: ज्याने माझ्याबरोबर वाजवायचं थांबवलं, तो.

बटण्या: मी थांबवलं?

दादा: खडखड्याच्या जागी एक डबा आणून ठेवलास तू. आपला ड्रमर. माणूस. त्याच्या जागी कॉम्प्युटर.

बटण्या: खडखड्या बोटीवर नोकरीला निघून गेला होता, दादा. जागा रिकामी होती.

दादा: रिकामी राहिली असती.

बटण्या: किती दिवस? मला वाजवायचं होतं. मी बावीस वर्षांचा होतो, माझ्याकडे गिटार होती आणि तुम्ही सगळे एकेक करून नोकऱ्या, लग्नं, दवाखाने करत होतात. मी रात्रंदिवस बसून त्या डब्यात खडखड्याचे ठोके भरले. त्याच्यासारखेच. त्याची ती उडी मारून येणारी सातवी मात्रासुद्धा. आणि तू दोन मिनिटं वाजवून उठलास.

दादा: कारण तो थांबत नव्हता! खडखड्या थांबायचा. मी वळणावर जरा रेंगाळलो की तोही रेंगाळायचा, माझ्याकडे बघून हसायचा आणि मग आम्ही दोघे एकदम उतरायचो. तुझा डबा माझ्याकडे बघतच नव्हता. माझी वाट बघणारं कुणी नसेल तर वाजवायचं कशाला? त्यापेक्षा दात बरे. ते तरी तोंड उघडून वाट बघतात.

बटण्या: हे तू तेव्हा बोलला असतास तर?

दादा: तेव्हा मी काय बोललो?

वहिनी: मी सांगते. मी बाहेर गाडी चालू ठेवून बसले होते, सामान भरायला. तू एका दाराने आलास आणि म्हणालास, चल. हा दुसऱ्या दाराने गेला, तो चालतच. दोघांपैकी कुणीही काहीही बोललं नाही. ऑर्गन आत राहिला होता, तो दुसऱ्या दिवशी मी आणि माझ्या वडिलांनी उचलून आणला. तेव्हापासून तुम्ही दोघे भाऊ लग्नांत भेटता आणि हवापाण्याच्या गप्पा मारता.

दादा: तुला काय, तुला तर ती गाणी आवडतही नव्हती.

वहिनी: नव्हतीच आवडत. तुमचं गाणं सुरू झालं की मी जाऊन गाडी धुवून यायचे आणि तरी तुम्ही मध्यावरच असायचात. कधी संपलं असं वाटून लोक टाळ्या वाजवायचे आणि तुम्ही परत सुरू. पण तुम्ही दोघे वाजवताना एकमेकांकडे बघायचात, ते मला आवडायचं. मी ते बघायला यायचे.

(बटण्या पडद्याजवळ सरकतो.)

वहिनी: बटण, काय बघतोयस पडद्यावर?

बटण्या: एक मिनिट. दादा, हे बघ. खेळ संपला की हा तक्ता येतो. ठिपका कधी टेकला आणि कळ कधी दाबली, त्याच्या या बारीक रेघा. या वरच्या तुझ्या उजव्या हाताच्या. मधल्या खुणेच्या आसपास, थोड्या इकडे थोड्या तिकडे. सगळ्या माणसांच्या अशाच असतात.

दादा: आणि खालच्या?

बटण्या: डाव्या हाताच्या. सगळ्या खुणेच्या उजवीकडे, म्हणजे उशिरा. पण नीट बघ ना.

दादा: काय बघू? लाल आहेत.

बटण्या: रंग सोड. कुठे उभ्या आहेत ते बघ.

वहिनी: एकाच जागी.

बटण्या: बरोबर! एकाच जागी. एकीवर एक चढल्यात. तुझा उजवा हातसुद्धा इतका नेमका नाही. मला वाटलं होतं, कधी थोडा उशीर, कधी खूप, असं विस्कटलेलं असेल. तसं नाहीये. हात उशिरा येतोय, पण दर वेळी तेवढाच उशिरा. तुझा ताल शाबूत आहे, दादा. निरोप पोचायला वेळ लागतोय, एवढंच.

दादा: एवढंच?

बटण्या: मी डॉक्टर नाही. पण यंत्रांत हे मी रोज बघतो. उशीर कमीजास्त होत असेल तर आम्ही कपाळाला हात लावतो. ठरलेला असेल तर तेवढं आधी निघायचं. संपलं.

वहिनी: हा बरोबर बोलतोय. माझ्याकडे दोन तऱ्हेची माणसं येतात. एक जण गाडी फुटपाथपासून रोज फूटभर लांबच लावतो. रोज. त्याला मी आठवड्यात शिकवते. दुसरा एक दिवस फूटभर लांब आणि दुसऱ्या दिवशी फुटपाथवर. त्याच्यापुढे मी हात टेकते. तू पहिल्यातला आहेस.

दादा: आधी निघायचं म्हणजे काय करायचं? ठिपका टेकायच्या आधी हाताला सांगायचं?

बटण्या: हो. तुला तो वर दिसतोच ना, पडताना. तो टेकेल तेव्हा दाबायचं असं ठरवू नकोस. तो अलीकडे असतानाच हाताला सोडून दे.

दादा: सोडून दे. बरं. पण हे गाणं नको. या गाण्यात माणूस आधी निघाला काय, नंतर निघाला काय, सगळीकडे तेच आहे. निदान वाजवावंसं वाटेल असं काहीतरी दे.

बटण्या: आहे. सातातलं.

दादा: खेळात? सात मात्रांचं? कुणी बनवलं?

बटण्या: मी.

दादा: तू राक्षस तपासतोस ना?

बटण्या: ते सोडून बरीच वर्षं झाली. मी खेळांचं संगीत करतो. हे एका खेळातलं आहे, पाण्याखाली बुडालेल्या शहराचं. खेळणारा पोहत पोहत एकेका घरात शिरतो. जसा आत जातो तसं गाणं बदलतं. घाईत गेला तर ताल चढतो. एकाच खोलीत रेंगाळला तर गाणंही तिथेच रेंगाळतं, तो निघेपर्यंत. काही लोक तासभर एका गाण्यात राहतात.

दादा: तासभर?

बटण्या: तासभर. आणि कुणी टाळ्या वाजवून मधे उठत नाही. तू म्हणायचास ना, असली गाणी ऐकणारी माणसं संपली? संपली नाहीत. ती खेळतायत.

दादा: हे तू मला का सांगितलं नाहीस?

बटण्या: कुठे सांगणार? लग्नात? तू हवापाण्याबद्दल विचारलंस, मी हवापाण्याबद्दल सांगितलं.

दादा: लाव.

(बटण्या गाणं लावतो. दादा एकदा नुसतं ऐकतो, दुसऱ्यांदा डावा हात फळीवर ठेवतो. बराच वेळ कळांचाच काय तो आवाज.)

वहिनी: हिरवं आलं.

दादा: बोलू नकोस. गेला. हं... आता. आता. लवकर निघालो वाटतं.

बटण्या: चालेल. ‘लवकर’ लिहून येतंय, बघ. उशीर नाही, लवकर!

दादा: तीन महिन्यांत पहिल्यांदा मी कशासाठी तरी लवकर आहे. थांब, परत. तीन आणि चार, तीन आणि चार... हा. हा. हा सुटला. हा. बटण्या, तिसऱ्या वेळेला बास तिथे वाजतोच कशाला? तिथे त्याने गप्प बसायला हवं. गिटार बोलतेय ना.

बटण्या: मलाही तसंच वाटत होतं. पण रिकामं वाटेल म्हणून भरलं.

दादा: भरायचं नाही. रिकामं वाटलं तर वाटू दे. काढ तो.

बटण्या: घरी जाऊन काढतो.

दादा: बाकी बरं आहे. ड्रम फार शहाण्यासारखे वाजतायत, पण बरं आहे. ती मधली धून तर... बरी आहे.

वहिनी: त्याच्या भाषेत हे म्हणजे हार-तुरे आहेत, बटण.

बटण्या: माहीत आहे मला.

वहिनी: फोन वाजतोय. खालूनच आहे. काय सांगू त्यांना? अजून थोडे दिवस थांबा म्हणून सांगते. आत्ताच बघितलं ना आपण? हात येतोय.

दादा: उचलू नकोस. वाजू दे जरा. बटण्या, खरं सांग. हा उशीर जाईल?

बटण्या: कमी होईल कदाचित. बाईंना विचार. मला माहीत नाही. तू त्याला चुकवायला शिकशील, एवढं नक्की.

दादा: ठिपका वरून येताना दिसतो, म्हणून चुकवता येतो.

बटण्या: हो.

दादा: पेशंट कधी हलेल ते असं आधी दिसत नाही. लोकांना वाटतं, दातांचा डॉक्टर उजव्या हाताने काम करतो. उजव्या हातात नुसती दात कोरायची मशीन असते. आरसा धरणं, गाल मागे ओढणं, जीभ अडवणं, हे सगळं डावा करतो. माणूस खुर्चीत दचकतो तेव्हा सांगून दचकत नाही. त्या क्षणी डावा हात तिथे लागतो. इथे उशीर झाला तर लाल अक्षर येतं. तिथे रक्त येईल.

वहिनी: पण सराव केलास तर...

दादा: तू त्या फूटभर लांब लावणाऱ्या माणसाला शिकवशील. पण रस्त्यात मूल आडवं आलं तर त्याचा पाय ब्रेकवर ठरलेल्या वेळाने उशिरा पडतो, हे माहीत असताना त्याला परवाना देशील?

वहिनी: नाही देणार.

दादा: मग?

वहिनी: मला वाटलं होतं, हिरवं आलं की तू परत खाली जाशील.

दादा: मलाही वाटलं होतं. मघाशी तो म्हणाला ना, रेघा एका जागी उभ्या आहेत, तेव्हा मी मनातल्या मनात मास्कसुद्धा लावला. पण नाही. तीन महिने मी उत्तर देत नव्हतो, कारण मला वाटत होतं की माझा हात मेलाय, आणि ते तोंडाने म्हणवत नव्हतं. आता मेला नाहीये हे कळलं, तर सांगता येतंय. विचित्र आहे.

बटण्या: दादा, मी हे यासाठी नव्हतं आणलं.

दादा: मला कळतं ते. वहिनीकडे बघू नकोस असा, ती रडणार नाही. ती आता फोन उचलेल.

वहिनी: रडतेय कोण? हॅलो... हो, हो, मीच. नाही, झोपले नाहीत, खेळतायत... हो, खेळतायत. ऐका, त्यांनी ठरवलंय. दवाखाना तुम्हीच चालवा. कायमचा... हो. खरंच. त्यांनी स्वतः सांगितलंय, माझ्यासमोर... नाही, आजारी-बिजारी नाही, आवाज चांगला खणखणीत आहे, तुम्हाला ऐकू येईलच इथून. अहो, तुम्ही कशाला रडताय? ...थांबा, ते काहीतरी म्हणतायत.

दादा: म्हणावं, खुर्चीचं पाठीचं बटण अडकतं, वरून दाबायचं नाही, बाजूने दाबायचं. आणि गाणी त्यांची त्यांनी लावावीत. मला खिडकी लावून घेता येते.

वहिनी: ऐकलंत? ...हो, उद्या वर या, बोलू. आता पेशंट बसवलाय ना? जा मग. ...ठेवला. ती ‘थँक्यू’ म्हणायलाही विसरली, इतकी रडत होती.

दादा: चांगली आहे मुलगी. हात हलका आहे तिचा. मी बघितलंय.

वहिनी: आता तू दिवसभर काय करणार आहेस?

दादा: पहिल्यांदा त्या ऑर्गनवरून हा पडदा उतरवणार आहे.

वहिनी: आणि?

दादा: आणि ते कापड काढणार आहे. बटण्या, तू घर कुणाच्या भरवशावर सोडून आलायस? घाई आहे का?

बटण्या: नाही. आज घाई नाही.

दादा: ते बुडालेलं शहर ऑर्गनवर वाजेल का?

बटण्या: मूळ ऑर्गनसाठीच सुचलं होतं. मग ऑर्गन वाजवणारा नव्हता, म्हणून कॉम्प्युटरवर केलं.

दादा: ड्रम त्या डब्यातूनच येणार?

बटण्या: येतील. पण तेव्हासारखे नाही. आता त्याला सांगता येतं. तू मागे पडलास की तोही मागे येईल. पोहणाऱ्यासाठी बनवलंय ना, त्याला माणसाची वाट बघता येते. फक्त हसणार नाही तुझ्याकडे बघून.

दादा: ते तू कर. अगं, तू कुठे निघालीस? गाडी धुवायला?

वहिनी: नाही. आज इथेच बसते. किती लांब आहे?

बटण्या: माहीत नाही, वहिनी. तो थांबेपर्यंत.

वहिनी: देवा. बरं, उशी दे ती इकडे.

दादा: डाव्या हाताला जरा वेळ लागेल.

बटण्या: माहीत आहे. कुठून धरू? सुरुवातीपासून, की मधल्या धुनेपासून?

दादा: सुरुवातीपासून. तू आणि तुझा डबा पुढे निघा. मी पोचतो.